लोकल, फेरी आणि थांबे : ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगविषयी वाचकांचे प्रश्न

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांची, त्यांच्या पालकांची आणि शिक्षकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रे मुंबई आणि उपनगरांतून आली असल्यामुळे उदाहरण सर्वांच्या रोजच्या ओळखीचे, म्हणजे लोकलचे ठेवले आहे. तेच उदाहरण एका उत्तरातून दुसऱ्या उत्तरात पुढे जात असल्याने पत्रे क्रमाने वाचावीत ही विनंती.

प्रश्न : मी नववीत शिकते. आम्हाला कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स या विषयात जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात. ‘क्लास म्हणजे आराखडा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या आराखड्यावरून तयार झालेली वस्तू’ ही व्याख्या मला पाठ आहे. परंतु जावामध्ये क्लास लिहावाच लागतो म्हणून आम्ही तो लिहितो आणि सगळे काम मेनमध्येच, म्हणजे प्रोग्रॅम जेथून सुरू होतो त्या भागातच, उरकतो. मग क्लासची खरी गरज कोठे पडते?
— एक विद्यार्थिनी, गोरेगाव

उत्तर : तुझी शंका अगदी रास्त आहे. दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या किंवा एखादी संख्या मूळ आहे की नाही हे सांगणाऱ्या प्रोग्रॅमला ऑब्जेक्टची गरज नसते, आणि पाठ्यपुस्तकातील सुरुवातीची उदाहरणे नेमकी अशीच असतात. गरज कोठे पडते हे पाहण्यासाठी थोडे मोठे काम हाती घेऊ.

समज, फलाटावरील इंडिकेटरला माहिती पुरवणारा प्रोग्रॅम तुला लिहायचा आहे. एका लोकलसाठी तू तीन व्हेरिएबल (किंमत साठवण्याच्या नाव दिलेल्या जागा) घेतलीस : गाडीला डबे किती आहेत, ती सध्या कोणत्या स्थानकावर आहे आणि ती चालू आहे की उभी आहे. दुसऱ्या लोकलसाठी आणखी तीन लागतील. गाड्या शंभर झाल्या की तीनशे व्हेरिएबल सांभाळणे अशक्य होईल, म्हणून तू तीन ॲरे, म्हणजे क्रमांकाने किमती ठेवणाऱ्या याद्या, घेशील. एका ॲरेमध्ये सर्व गाड्यांचे डबे, दुसऱ्यात स्थानके, तिसऱ्यात स्थिती, आणि सतराव्या गाडीची माहिती तिन्ही ॲरेंच्या सतराव्या जागी, अशी ती रचना असेल. येथपर्यंत सर्व सुरळीत चालेल.

आता एक गाडी रद्द झाली. तिची नोंद दोन ॲरेंमधून काढली गेली आणि तिसऱ्यातून काढायची राहिली. त्या क्षणापासून पुढच्या प्रत्येक गाडीचे डबे तिच्या मागच्या गाडीच्या स्थानकाशी जोडले जाऊ लागतील. प्रोग्रॅम बंद पडणार नाही, चूक दाखवणारा एकही संदेश येणार नाही. इंडिकेटरवर मात्र पंधरा डब्यांच्या जागी बारा डबे दिसतील आणि आपला डबा कोठे येणार याचा अंदाज बांधून उभे असलेले लोक फलाटभर धावतील. अशी चूक शोधणे फार अवघड असते, कारण ती कोणत्याही एका ओळीत नसते. जी माहिती एकत्र असायला हवी होती ती तीन ठिकाणी विखुरलेली असणे, हाच मूळ दोष आहे.

ऑब्जेक्ट हा या दोषावरचा उपाय आहे. एका लोकलची तिन्ही माहिती एकत्र ठेवायची, आणि ती माहिती बदलणारी कामे, म्हणजे ‘निघ’ आणि ‘थांब’ या मेथड, तिच्याजवळच ठेवायच्या. गाडी रद्द झाली की तो एक ऑब्जेक्ट यादीतून काढला जातो आणि त्याबरोबर त्याचे सर्व काही जाते. मागे काही उरण्याचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक लोकलजवळ कोणती माहिती असेल आणि तिला कोणती कामे करता येतील हे एकदाच लिहून ठेवायचे, ते लिखाण म्हणजे क्लास. प्रोग्रॅम चालू असताना त्या लिखाणानुसार मेमरीत तयार होणारी, स्वतःच्या वेगळ्या किमती सांभाळणारी प्रत्येक लोकल म्हणजे एक ऑब्जेक्ट.

तू पाठ केलेली व्याख्या चूक नाही; ती अपुरी आहे. ही माहिती कोणाची आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा जो प्रश्न ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीच्या मुळाशी आहे, तो आराखड्याच्या व्याख्येत येतच नाही. तुझ्या मेनमधला एखादा मोठा प्रोग्रॅम काढ आणि त्यात कोणती व्हेरिएबल नेहमी जोडीने किंवा तिघा-तिघांनी एकत्र वापरली जातात ते पाहा. ज्या ठिकाणी असा गट सापडेल, त्या ठिकाणी क्लासची गरज आहे असे खुशाल समज.

प्रश्न : मुलाच्या वहीत एनकॅप्सुलेशनचा अर्थ ‘माहितीची सुरक्षितता’ असा लिहिलेला आहे. व्हेरिएबलच्या आधी प्रायव्हेट हा शब्द लिहिल्याने हॅकरपासून संरक्षण मिळते, असे तो मला सांगतो. हे बरोबर आहे का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो वेळीच दूर झाला पाहिजे. एनकॅप्सुलेशन म्हणजे माहिती आणि ती बदलणाऱ्या मेथड एकत्र ठेवून, ती माहिती केवळ त्या मेथडमधूनच बदलता येईल अशी व्यवस्था करणे. बाहेरच्या माणसाने माहिती चोरू नये यासाठी पासवर्ड, एन्क्रिप्शन, सर्व्हरवरील परवानग्या अशा वेगळ्या व्यवस्था असतात. प्रायव्हेट या शब्दाचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. हा शब्द माहितीचे रक्षण करतो ते त्याच प्रोग्रॅमच्या इतर भागांपासून, म्हणजे बहुतेक वेळा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या विसराळूपणापासून.

मुंबईत पहिली एसी लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली. तिची दारे आपोआप उघडतात आणि मिटतात, हा तिच्यातील आणि नेहमीच्या लोकलमधील मोठा फरक. आता आपल्या प्रोग्रॅममध्ये एक साधा नियम पाळायचा आहे असे समजू : एसी लोकलची दारे उघडी असताना ती ‘चालू’ स्थितीत असता कामा नये. ‘चालू’ हे व्हेरिएबल सर्वांना खुले असेल, तर प्रोग्रॅमच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणीही त्यात ‘खरे’ ही किंमत भरू शकेल, आणि त्या प्रत्येक कोपऱ्यात दारांची तपासणी करण्याची आठवण ठेवावी लागेल. पन्नास ठिकाणांपैकी एका ठिकाणी जरी ती राहिली, तरी नियम मोडला. याउलट ते व्हेरिएबल प्रायव्हेट असेल आणि गाडी सुरू करण्याचा एकच मार्ग, म्हणजे ‘निघ’ ही मेथड उपलब्ध असेल, तर तपासणी त्या एका मेथडमध्ये लिहिली की काम झाले. पुढे कधी गाडी उघड्या दारांनी धावताना दिसली, तर चूक कोठे शोधायची हेही ठरलेले असते : त्या एका क्लासमध्ये, अन्यत्र नाही. ही शोधाची जागा आकुंचित होणे मोठ्या प्रोग्रॅममध्ये अनमोल असते.

जावामध्ये प्रायव्हेटचे बंधन कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात उतरवणारा प्रोग्रॅम, पाळायला लावतो. बाहेरून त्या व्हेरिएबलला हात लावल्यास प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. पायथन या दुसऱ्या भाषेत असे सक्तीचे बंधन नाही. नावाच्या आधी एक अधोरेषा दिली की ‘हे आतले आहे, बाहेरून वापरू नये’ असा संकेत समजला जातो. दोन अधोरेषा दिल्यास पायथन ते नाव आतल्या आत बदलून ठेवतो, तरीही माहीतगार माणूस तेथपर्यंत पोहोचू शकतो.

आपल्या मुलाला आणखी एक गोष्ट सांगावी. सर्व व्हेरिएबल प्रायव्हेट करायची आणि मग प्रत्येकासाठी किंमत वाचण्याची एक आणि किंमत भरण्याची एक अशा दोन मेथड डोळे मिटून लिहायच्या, ही सवय अनेक वर्गांत लावली जाते. तिच्यातून एनकॅप्सुलेशन साधत नाही. कोणीही येऊन कोणतीही किंमत भरू शकेल अशी मेथड दिली, तर दाराला कडी घालून किल्ली बाहेरच टांगल्यासारखे होते. मेथडचे नाव ‘चालू बदल’ असे असण्यापेक्षा ‘निघ’ आणि ‘थांब’ असे असावे, म्हणजे ती प्रत्यक्ष घडणारी क्रिया सांगते आणि त्या क्रियेचे नियम ठेवायला जागा मिळते.

प्रश्न : मी संगणक शिकवते. इनहेरिटन्स, म्हणजे मूळ क्लासमधील गोष्टी त्याच्या उपक्लासला आपोआप मिळणे, समजावताना मी ‘लोकल’ हा मूळ क्लास आणि ‘धीमी लोकल’ व ‘जलद लोकल’ हे त्याचे उपक्लास असे फळ्यावर काढले. त्यावर एका मुलाने विचारले, ‘बाई, सकाळी धीमी म्हणून धावलेली गाडी दुपारी जलद म्हणून धावते, मग तिचा क्लास बदलतो का?’ मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, डोंबिवली

उत्तर : बाई, त्या विद्यार्थ्याचे मनापासून कौतुक करावे. वर्षानुवर्षे काम करणारे प्रोग्रॅमरही ज्या ठिकाणी अडखळतात, नेमके तेच ठिकाण त्याने दाखवून दिले आहे.

जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्ट ज्या क्लासचा म्हणून तयार होतो, त्याच क्लासचा तो शेवटपर्यंत राहतो. त्यामुळे जो गुणधर्म दिवसभरात बदलू शकतो, त्याच्यावरून उपक्लास पाडणे चुकीचे ठरते. धीमी किंवा जलद असणे हा गाडीचा गुणधर्म नाही. तो त्या गाडीच्या एका फेरीचा गुणधर्म आहे. यार्डात उभा असलेला रेक, म्हणजे डब्यांचा जोडलेला संच, धीमाही नसतो आणि जलदही नसतो.

येथे दुसरा क्लास सापडतो, तो म्हणजे ‘फेरी’. फेरीजवळ एक लोकल असते, सुटण्याची वेळ असते आणि थांब्यांची यादी असते. ‘एसी लोकल ही एक प्रकारची लोकल आहे’ हे वाक्य खरे आहे, म्हणून तेथे इनहेरिटन्स शोभते. ‘फेरी ही एक प्रकारची लोकल आहे’ हे वाक्य खरे नाही, ‘फेरीजवळ एक लोकल आहे’ हे खरे आहे, म्हणून तेथे एका ऑब्जेक्टने दुसऱ्याला सांभाळायचे. याला कंपोझिशन म्हणतात. शालेय अभ्यासक्रमात त्याला इनहेरिटन्सच्या तुलनेत फारच कमी जागा मिळते, हे मला खटकते, कारण प्रत्यक्ष कामात ते अधिक वेळा लागते.

मग ‘धीमी फेरी’ आणि ‘जलद फेरी’ असे फेरीचे उपक्लास करावेत का? तेही टाळावे असे माझे मत आहे. दादरहून कल्याणकडे निघालेल्या धीम्या गाडीचे पुढचे थांबे माटुंगा, सायन, कुर्ला असे असतात, तर जलद गाडी दादरनंतर थेट कुर्ल्याला थांबते. फरक आहे तो केवळ यादीत. ‘पुढचे स्थानक सांग’ ही मेथड दोन्हीकडे तेच काम करते, यादीतील पुढचे नाव देते. शिवाय बदलापूरची जलद गाडी कल्याणनंतर सर्वसाधारणपणे प्रत्येक स्थानकावर थांबते; ती कोणत्या उपक्लासमध्ये घालणार? जेथे केवळ माहिती वेगळी असते, तेथे वेगळी किंमत द्यावी आणि जेथे वागणूक वेगळी असते, तेथेच वेगळ्या क्लासचा विचार करावा, एवढे पथ्य पाळले तरी अनावश्यक उपक्लासची मोठी रांग टळते.

वागणूक खरोखर वेगळी आहे ती एसी लोकलची, कारण तिला निघण्यापूर्वी दारे मिटावी लागतात. हा नमुना पायथनमध्ये असा होईल. येथे पायथनच्या आज्ञाही देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतच लिहाव्या लागतील. डेफ या शब्दाने मेथड सुरू होते, इनिट ही नवा ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड आहे, सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः, आणि ट्रू व फॉल्स म्हणजे ‘खरे’ व ‘खोटे’.

क्लास लोकल:
    डेफ __इनिट__(सेल्फ, डबे):
        सेल्फ.डबे = डबे
        सेल्फ._चालू = फॉल्स
    डेफ निघ(सेल्फ):
        सेल्फ._चालू = ट्रू

क्लास एसीलोकल(लोकल):
    डेफ __इनिट__(सेल्फ, डबे):
        सुपर().__इनिट__(डबे)
        सेल्फ._दारे_बंद = फॉल्स
    डेफ निघ(सेल्फ):
        सेल्फ._दारे_बंद = ट्रू
        सुपर().निघ()

शेवटच्या दोन ओळी विद्यार्थ्यांकडून सावकाश वाचून घ्याव्यात. एसी लोकल आधी आपले खास काम करते, म्हणजे दारे मिटते, आणि त्यानंतर सुपरच्या मार्फत मूळ क्लासमधील ‘निघ’ चालवते. गाडी चालू करण्याची क्रिया तिने पुन्हा लिहिलेली नाही. उद्या मूळ ‘निघ’मध्ये भोंगा वाजवण्याची एक ओळ वाढवली, तर एसी लोकलचाही भोंगा आपोआप वाजू लागेल. दोन ओळींचा क्रम उलटा केला तर काय होईल, हेही वर्गात विचारून पाहावे.

पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकच सूचना प्रत्येक ऑब्जेक्टने आपापल्या क्लासप्रमाणे पाळणे, समजावण्यासाठी वेगळे उदाहरण शोधण्याची गरज उरत नाही. गाड्यांची एक यादी घ्यावी, तिच्यात साध्या आणि एसी अशा दोन्ही लोकल घालाव्यात आणि यादीतील प्रत्येकीला ‘निघ’ एवढेच सांगावे. ही गाडी एसी आहे का, असा प्रश्न सांगणाऱ्याने विचारायचा नाही. प्रत्येक गाडी आपापल्या पद्धतीने निघते. पुढे तिसऱ्या प्रकारची लोकल आली, तर नवा क्लास लिहावा लागेल, पण सांगणाऱ्याच्या ओळीला हात लावावा लागणार नाही. यासाठी एक अट पाळावी लागते : मूळ क्लासने जे कबूल केले आहे, ते उपक्लासने मोडू नये. ‘निघ’ म्हटल्यावर काहीच न करणारा उपक्लास भाषेच्या नियमांत बसेल, परंतु त्याच्यावर विसंबलेला सर्व प्रोग्रॅम बिघडेल. हा विचार संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका भाषणात मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २००८ साठी त्यांना मिळाला.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि घरी पायथन शिकतो. मी फेरी नावाचा क्लास केला. पहिल्या फेरीच्या थांब्यांत दादर टाकले, तर दुसऱ्या फेरीच्या थांब्यांतही दादर दिसू लागले. दुसऱ्या फेरीला मी हातही लावला नव्हता. असे का होते?
— एक विद्यार्थी, परळ

उत्तर : तू क्लासचा मजकूर पत्रात पाठवलास हे फार बरे केलेस. तुझी ‘थांबे’ ही रिकामी यादी कोणत्याही मेथडच्या आत नाही. ती क्लासच्या नावाखाली थेट लिहिलेली आहे. अशा ठिकाणी लिहिलेली गोष्ट क्लासच्या मालकीची होते, ऑब्जेक्टच्या नाही. यादी एकच तयार झाली आणि तुझ्या दोन्ही फेऱ्या त्या एकाच यादीकडे पाहत आहेत. पहिल्या फेरीमार्फत तू तिच्यात दादर घातलेस, म्हणून दुसरीमार्फत पाहतानाही ते दिसले. ‘थांबे’ची ओळ इनिट या मेथडच्या आत ने आणि तिच्या आधी सेल्फ व बिंदू लिही. इनिट प्रत्येक नव्या ऑब्जेक्टसाठी नव्याने चालते, त्यामुळे प्रत्येक फेरीला स्वतःची वेगळी यादी मिळेल.

यात मुलांना चकवणारी एक गोष्ट आहे. ‘डबे’ हे व्हेरिएबलही तू तसेच बाहेर लिहिले आहेस, पण ते मात्र बरोबर चालते, असे तू म्हणतोस. तेथे तू ऑब्जेक्टच्या डब्यांना नवी किंमत देतोस, आणि बरोबरचे चिन्ह वापरून किंमत दिली की पायथन त्या ऑब्जेक्टवर त्या नावाची नवी नोंद करतो. क्लासवरची जुनी नोंद तशीच राहते. यादीच्या बाबतीत तू नवी किंमत दिली नाहीस. अपेंड वापरून आहे त्याच यादीत भर घातलीस. नवी नोंद करणे आणि आहे त्या गोष्टीत बदल करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि हा फरक तुला पुढे कायम उपयोगी पडेल.

असेच लक्षण आणखी एका कारणाने दिसू शकते. ‘दुसरी = पहिली’ असे लिहिल्यास दुसरी फेरी तयार होत नाही; एकाच फेरीला दोन नावे मिळतात. शंका आली की आयडी या फंक्शनला दोन्ही नावे देऊन पाहा. दोन्ही वेळा तोच आकडा आला, तर ऑब्जेक्ट एकच आहे.

पत्राच्या शेवटी तू विचारलेस की ‘शून्य अपेक्षित असताना एक दिले’ अशा अर्थाचा टाइप एरर का येतो, जेव्हा कंसात तू काहीच दिलेले नसते. ‘पहिली.निघ()’ असे लिहिले की पायथन ‘पहिली’ हाच ऑब्जेक्ट मेथडला पहिला आर्ग्युमेंट, म्हणजे कंसातून दिली जाणारी पहिली किंमत, म्हणून स्वतःहून देतो. तो स्वीकारण्यासाठी मेथडच्या कंसात सेल्फ लिहिणे आवश्यक असते. तेच राहून गेले आहे.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग लवकर यावे म्हणून थेट जावाच्या क्लासला घालावे, असे काही जण सुचवतात. आपले मत काय?
— एक पालक, गिरगाव

उत्तर : घाई करू नये. ज्या मुलीला अट, लूप आणि फंक्शन सहजपणे लिहिता येत नाहीत, तिला क्लास शिकवल्यास ती शब्द पाठ करते आणि विषयाची भीती घेऊन बसते. सातवीसाठी स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याचे साधन, अतिशय योग्य आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले हे साधन विनामूल्य आहे. त्यातील प्रत्येक स्प्राइटजवळ, म्हणजे पडद्यावरील पात्राजवळ, स्वतःचे कपडे, स्वतःचे आवाज आणि स्वतःच्या सूचना असतात. नवे व्हेरिएबल तयार करताना स्क्रॅच विचारतो की ते सर्व स्प्राइटसाठी हवे की फक्त या एका स्प्राइटसाठी. मुलीने या प्रश्नावर क्षणभर थांबून विचार करायला शिकले, तर वर ठाण्याच्या पालकांना दिलेल्या उत्तराचा गाभा तिच्या हाती आला असे समजावे. स्क्रॅचमध्ये इनहेरिटन्स नाही, आणि या वयात त्याची उणीवही भासत नाही.

जावा पुढे नववीत आली, तर ब्लूजे हे विनामूल्य साधन वापरावे. ते खास शिकणाऱ्यांसाठी घडवलेले आहे. त्यात क्लास एका चौकटीसारखा पडद्यावर दिसतो. त्यावर उजवी कळ दाबून नवा ऑब्जेक्ट मागितला की खालच्या पट्टीवर एक लाल चौकट येते. पुन्हा मागितला की दुसरी येते. एका लाल चौकटीवर ‘निघ’ चालवावे, मग दोन्ही उघडून पाहाव्यात : एक लोकल चालू आणि दुसरी उभी असलेली स्पष्ट दिसते. गोरेगावच्या विद्यार्थिनीनेही हे अवश्य करून पाहावे. क्लास एक आणि ऑब्जेक्ट अनेक ही गोष्ट शब्दांनी जेवढी समजत नाही तेवढी या दोन चौकटींनी समजते.

प्रश्न : ही पद्धत कोणी शोधून काढली?
— आठवीतील एक विद्यार्थी, चेंबूर

उत्तर : तिची सुरुवात नॉर्वेत झाली. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये उले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर यांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा तयार केली. प्रत्यक्ष जगातील गुंतागुंतीच्या व्यवस्थांची संगणकावर नक्कल करून पाहणे, हा तिचा हेतू होता. अशा नकलेत एकाच प्रकारच्या अनेक गोष्टी एकाच वेळी वावरत असतात आणि त्या प्रत्येकीची स्थिती वेगळी असते. पहिल्या उत्तरातील शंभर लोकलची अडचण म्हणजे हीच. सिम्युला ६७ या तिच्या पुढील आवृत्तीत क्लास, ऑब्जेक्ट आणि उपक्लास या तिन्ही कल्पना होत्या. या कामासाठी दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने, दोघांचेही निधन झाले.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली. ऑब्जेक्ट एकमेकांना संदेश पाठवतात, या गोष्टीला के सर्वांत अधिक महत्त्व देत. स्मॉलटॉक शाळकरी मुलांना शिकवूनही पाहिली गेली, हे तुला आवडेल. बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी सिम्युलापासून प्रेरणा घेऊन १९७९ मध्ये ज्या कामाला हात घातला, त्यातून सी प्लस प्लस आली. पायथन १९९१ मध्ये आणि जावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रश्न : क्लासची आणि व्हेरिएबलची नावे मराठीत ठेवली तर चालतात का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : पायथन ३ मध्ये चालतात. ही आवृत्ती २००८ मध्ये आली आणि तेव्हापासून नावांत देवनागरी अक्षरे वापरता येतात. आज्ञांचे शब्द मात्र रोमनमध्येच राहतात. नवशिक्या मुलाला ‘थांबे’ किंवा ‘पुढचे_स्थानक’ असे नाव ठेवू दिल्यास आपण काय लिहीत आहोत यावर त्याचे लक्ष टिकते, म्हणून घरच्या सरावासाठी मी त्याची शिफारस करतो. शाळेच्या परीक्षेत आणि इतरांबरोबरच्या कामात रोमन नावेच ठेवावीत.

तीन अडचणी आधीच सांगून ठेवतो. रोमन लिपीत क्लासचे नाव मोठ्या अक्षराने आणि ऑब्जेक्टचे लहान अक्षराने सुरू करण्याची प्रथा आहे. देवनागरीत मोठे आणि लहान अक्षर नसल्यामुळे क्लासचे नाव ‘लोकल’ आणि ऑब्जेक्टचेही ‘लोकल’ ठेवले, तर दुसरे पहिल्याला पुसून टाकते आणि पुढची लोकल तयारच करता येत नाही. म्हणून ऑब्जेक्टला ‘पहिली_लोकल’ असे निराळे नाव द्यावे. दुसरी अडचण अंकांची. प्रोग्रॅममध्ये थेट लिहिलेला १२ हा आकडा देवनागरीत चालत नाही, परंतु वापरणाऱ्याने टाइप केलेला देवनागरी १२ इंट या फंक्शनला दिल्यास पायथन त्याची संख्या बिनचूक करून देतो. तिसरी अडचण ‘फेऱ्या’ या शब्दात येते. त्यातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवले जाते. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात आणि ते नाव पायथन स्वीकारतो. काही कीबोर्ड साध्या ‘र’नंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, तरी दुसऱ्या प्रकाराला न छापले जाणारे अक्षर सापडल्याची तक्रार करून पायथन थांबतो. असे झाल्यास तो शब्द दुसऱ्या कीबोर्डवरून पुन्हा टाइप करावा, किंवा त्या यादीला ‘फेरी_यादी’ असे नाव द्यावे.